परीक्षणासाठी आलेली पुस्तकं: पोच प्रत्येकाची, परीक्षण मोजक्यांचं

एखाद्या साप्ताहिकात तुमची दोन-तीन पुस्तक परीक्षणं छापून आली, वाचनालयाच्या वार्तापत्राचं काम तुमच्याकडे आलं किंवा दिवाळी अंकाच्या संपादक मंडळात नाव लागलं, की टपालानं पुस्तकं येऊ लागतात. न मागता येतात. कल्याण-डोंबिवलीत तर फारच लवकर. 1864 सालापासून सार्वजनिक वाचनालय चालवणारं कल्याण आणि 2017 साली नव्वदावं साहित्य संमेलन भरवणारी, शं. ना. नवरे आणि पु. भा. भावे यांची डोंबिवली, या पट्ट्यात वाचणाऱ्यांइतकेच लिहिणारेही भरपूर आहेत. स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढणारे त्यांत बरेच. पहिलं पाकीट फोडताना आनंद होतो. हळूहळू टेबलावर ढीग साचतो, कुठलं पुस्तक कधी आलं ते आठवेनासं होतं, आणि स्टेशनच्या पुलावर लेखक समोर आला की काय बोलावं ते सुचत नाही.

या कामात नव्यानं पडलेल्यांना मी एकच गोष्ट आधी सांगतो. पोच देणं आणि परीक्षण लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. पोच आलेल्या प्रत्येक पुस्तकाची द्यायची. परीक्षण मोजक्याच पुस्तकांचं लिहायचं. आणि या दोहोंच्या मधलं, चार मोघम कौतुकाच्या ओळींचं काम अजिबात करायचं नाही. आपल्याकडे नेमकं हे तिसरंच काम सगळ्यात जास्त चालतं.

पाकीट हातात आल्यावर

पाकिटाचा कागद लगेच रद्दीत टाकू नका. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता पुष्कळदा फक्त त्यावरच असतो, पुस्तकात नसतो. तो कापून ठेवा किंवा वहीत उतरवून घ्या. एक साधी वही याच कामासाठी ठेवावी: तारीख, पुस्तक, लेखक, पाठवणाऱ्याचा पत्ता, पोच कधी दिली, वाचायला कुणाला दिलं, परीक्षण कुठे आलं, शेवटी पुस्तक कुठे गेलं. संगणकावर तक्ता करता येत असेल तर उत्तम. पण नोंद त्याच दिवशी व्हायला हवी.

मग पहिलं पान उघडा. तिथे लेखकानं काय लिहिलंय त्यावरून त्याची अपेक्षा कळते. ‘सस्नेह भेट’ असेल तर तो काही मागत नाहीये. ‘अभिप्रायार्थ’ लिहिलं असेल तर त्याला बहुधा तुमचं पत्र हवं आहे, छापील मजकूर नव्हे. ‘परीक्षणार्थ’ असेल तर पुस्तक तुम्हाला व्यक्ती म्हणून आलेलं नाही, तुम्ही ज्या अंकात लिहिता त्याच्या वाचकांसाठी आलंय. अनेक मासिकं परीक्षणासाठी दोन प्रती मागतात, त्यामागे हाच हिशेब असतो. एक प्रत परीक्षकाची, दुसरी कार्यालयाच्या संग्रहाची.

त्याच बैठकीत पुस्तकाचे फॉर्मे तपासून घ्या. सोळा-सोळा पानांचा फॉर्मा बांधणीत कधी दोनदा शिवला जातो, कधी उलटा, कधी गळतोच. पानांचे आकडे भराभर बघायला दोन मिनिटं लागतात. दोन महिन्यांनी एकशे बारानंतर थेट एकशे एकोणतीस आलं की तेव्हा दुसरी प्रत मागायला संकोच वाटतो आणि परीक्षण तिथेच राहतं. पावसाळ्यात पाकीट ओलसर आलं असेल तर पुस्तक उभं करून पानं सुटी ठेवून पंख्याखाली वाळवा. उन्हात ठेवू नका, पुठ्ठा वाकतो. दमट पुस्तक थेट कपाटात ठेवलं की शेजारच्यांनाही बुरशी आणि कसर लागते.

पोच

पोच आठ दिवसांच्या आत गेली पाहिजे. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड, फोनवरचा संदेश, काहीही चालेल. मजकूर एवढाच पुरे: “आपलं अमुक पुस्तक अमुक तारखेला मिळालं. आभारी आहे. वाचनासाठी ठेवलं आहे. त्यावर काही छापून आल्यास अंक पाठवीन.” याच्या पुढे एक शब्दही लिहू नये. “लवकरच परीक्षण लिहितो” हे वचन होतं. “चाळलं, फार सुंदर झालंय” हे तर त्याहून वाईट, कारण ते वाक्य तुमच्या नावासकट दुसऱ्या आवृत्तीच्या मलपृष्ठावर छापलं जाण्याचा संभव असतो आणि तेव्हा तुम्ही ते पुस्तक वाचलेलंही नसतं.

ही झाली खासगी पोच. छापील पोच, म्हणजे अंकात शेवटच्या पानावर येणारी ‘साभार पोच’ किंवा ‘स्वागत’ची यादी, हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

संपादकांना ही यादी म्हणजे उरलेली जागा भरायचं साधन वाटतं. नाव, लेखक, किंमत, झालं. पण मराठीतल्या किती पुस्तकांची या जगात हीच एक छापील नोंद असते याचा विचार करा. मोठ्या प्रकाशनांची सूची निघते, दुकानांत त्यांची पुस्तकं असतात, ग्रंथालयं ती विकत घेतात. पण मुरबाडच्या शिक्षकानं गोळा केलेली जात्यावरची गाणी, आगरी बोलीतला कवितासंग्रह, एखाद्या गावदेवीच्या देवळाचा इतिहास, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून किंवा मोहन्याच्या एनआरसी या रेयॉन कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसानं लिहिलेल्या आठवणी, अशा पुस्तकांच्या तीनशे-चारशे प्रती निघतात. नातलगांत, मित्रांत वाटल्या जातात आणि काही वर्षांत दिसेनाशा होतात. एनआरसी 2009 साली बंद पडली. तिथल्या कामाचं, वसाहतीचं वर्णन उद्या कुणाला हवं असेल तर ते असल्याच पुस्तकांत सापडेल, आणि ते पुस्तक मुळात निघालं होतं हे त्याला तुमच्या पोच-यादीवरून कळेल.

शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या आणि पुढच्या खंडात 1950 पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची तयार केली. मराठीवर काम करणारा अभ्यासक आजही तिच्यापासून सुरुवात करतो. अशी सूची पुन्हा कुणी करायला घेतली तर लहान गावांतल्या, स्वखर्चानं काढलेल्या पुस्तकांसाठी त्याला नियतकालिकांतल्या पोच-नोंदीच चाळाव्या लागतील. म्हणून नोंद पूर्ण करा. पुस्तकाचं नाव, उपशीर्षक असेल तर तेही. लेखक किंवा संपादक. अनुवाद असेल तर अनुवादक, मूळ पुस्तकाचं नाव आणि मूळ भाषा. प्रकाशक आणि त्याचं गाव. वर्ष, आवृत्ती, पृष्ठं, किंमत, असल्यास आयएसबीएन, मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकाराचं नाव. आणि विषय सांगणारं एक वाक्य, विशेषणाविना: “शहापूर तालुक्यातल्या भातशेतीच्या पद्धतींची माहिती” असं. या एका वाक्यासाठी प्रस्तावना आणि अनुक्रमणिका वाचावी लागते, तेवढी वाचाच.

सगळ्यात जास्त अडतं ते वर्षापाशी. स्वखर्चाच्या पुस्तकात पुष्कळदा वर्ष नसतं, किंवा ‘गुढीपाडवा, शके 1947’ असं असतं. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, म्हणून तो पाडवा 2025 चा. मात्र तिथी पौष ते फाल्गुन यांतली असेल आणि इंग्रजी वर्ष उलटून गेलेलं असेल तर 79 मिळवावे लागतात. वर्ष छापलेलंच नसेल तर प्रस्तावनेखालची तारीख बघा. तीही नसेल तर पुस्तक मिळाल्याचं वर्ष चौकटी कंसात द्या. ते छापलेलं नाही, आपण लिहिलंय, हे त्या कंसावरून वाचकाला समजतं.

कुठल्या पुस्तकावर लिहायचं

आलेल्या प्रत्येक पुस्तकाची तीस-चाळीस पानं तरी वाचायचीच. कथा-कादंबरी असेल तर सलग, कवितासंग्रह असेल तर मधून मधून, माहितीपर पुस्तक असेल तर तुम्हाला नीट ठाऊक असलेल्या विषयाचं प्रकरण आधी. माहितीची पारख करायला ही शेवटची युक्ती फार उपयोगी आहे. जुन्या कल्याणचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकात आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव इथे टपाल खात्यात होते हे बरोबर दिलंय का, ठाण्याहून कल्याणला पहिली गाडी 1854 साली आली हे धड सांगितलंय का, हे पाहिलं की बाकीच्या पानांवर किती विसंबावं याचा अंदाज येतो.

चाळीस पानांनंतर स्वतःला विचारा: मलपृष्ठावर नाही असं काही मला या पुस्तकाबद्दल वाचकाला सांगता येईल का? उत्तर ‘हो’ असेल तरच पुस्तक परीक्षणासाठी वेगळं काढा. ते ‘काही’ प्रतिकूलही असू शकतं.

जॉर्ज ऑर्वेलनं 1946 साली परीक्षकाच्या आयुष्यावर एक निबंध लिहिला. टेबलावर पाच पुस्तकांचं पार्सल पडलंय, विषय एकमेकांशी संबंध नसलेले, मजकूर द्यायची वेळ डोक्यावर, असा तो परीक्षक आहे. ऑर्वेलचं म्हणणं असं होतं की बहुतेक पुस्तकांचं परीक्षण करूच नये. थोड्या पुस्तकांवर निदान हजार शब्द लिहावेत, बाकीच्यांची एक-दोन ओळींची नोंद द्यावी, आणि सहाशे शब्दांची मधली परीक्षणं बंद करावीत. शब्दांचा आकडा आपल्याकडे जागेप्रमाणे बदलेल, पण वाटणी मला पूर्ण पटते. आपल्या पुरवण्यांतल्या अडीचशे शब्दांच्या ‘पुस्तक परिचया’त पन्नास शब्द लेखकाच्या ओळखीत, शंभर अनुक्रमणिकेत आणि उरलेले ‘संग्रही ठेवावं असं पुस्तक’ म्हणण्यात जातात. लेखकाला त्यातून काही कळत नाही आणि वाचकालाही नाही.

जे पुस्तक चांगलं आहे पण तुमच्या आवाक्यातलं नाही, ते दुसऱ्याला द्या. आपल्या शहरांत ही सोय मोठी आहे. रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी केलेला माणूस, पक्षी बघत टिटवाळ्याच्या बाजूला भटकणारा, आयुर्वेदाचा वैद्य, बँकेतून निवृत्त झालेली आणि इतिहासाची कागदपत्रं मोडीतून वाचू शकणारी बाई, असे वाचक चार गल्ल्यांच्या आत सापडतात. त्यांनी कधी परीक्षण लिहिलेलं नसतं. त्यांच्याकडून दोन पानं लिहून घ्या, भाषा तुम्ही बघा. नावाजलेल्या समीक्षकाच्या मजकुरापेक्षा अशा लेखात कामाच्या गोष्टी जास्त निघतात.

ओळखीचं संकट

ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर इथल्या साहित्य-जगात सगळे एकमेकांना ओळखतात. ज्याचं पुस्तक आलं तो तुमच्या मुलीचा शिक्षक असतो, वाचनालयाच्या कार्यकारिणीत तुमच्या शेजारी बसतो किंवा पुढच्या महिन्यात तुमच्याच पुस्तकावर बोलणार असतो. यावर उपाय म्हणून सगळ्यांबद्दल चांगलंच लिहायचं, अशी रीत पडून गेली आहे. त्यामुळे खरोखर चांगल्या पुस्तकाचं नुकसान होतं. त्याच्याबद्दल लिहिलेले शब्द आधी दहा सुमार पुस्तकांवर खर्चून झालेले असतात.

या प्रश्नाचा मराठीत एकदा फार गंभीरपणे विचार झाला होता. वसंत दावतर यांनी 1962 साली सुरू केलेलं ‘आलोचना’ हे मासिक परीक्षणांनाच वाहिलेलं होतं, आणि त्यात परीक्षण करणाऱ्याचं नाव छापत नसत. लंडनच्या ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’नंही 1974 पर्यंत हीच पद्धत पाळली. निनावी लिहिण्यातून मोकळेपणा येतो, तसा बेजबाबदारपणाही येऊ शकतो. म्हणून जिथे संपादक स्वतः प्रत्येक शब्दाची जबाबदारी घेतो तिथेच ती पद्धत चालते. लहान अंकांनी नाव द्यावं आणि काही पथ्यं पाळावीत, असं माझं मत आहे.

ज्या पुस्तकाला तुम्ही प्रस्तावना लिहिली, ज्याचं हस्तलिखित तपासलं, ज्याच्या मलपृष्ठावर तुमच्या ओळी आहेत किंवा ज्याच्या प्रकाशन समारंभात तुम्ही व्यासपीठावर होतात, त्याचं परीक्षण तुम्ही करायचं नाही. समारंभातलं भाषण थोडं बदलून परीक्षण म्हणून छापणं तर पूर्णपणे वर्ज्य. त्या दिवशी लेखकाच्या घरचे समोर बसलेले असतात, भाषण कौतुकाचंच असतं आणि असावंही. स्नेह दाट असेल तर पुस्तक दुसऱ्याकडे सोपवा. नुसती ओळख असेल तर लिहा, पण ती ओळख पहिल्या परिच्छेदात सांगून टाका. लेखकाकडून पैसे, जेवण, पुढच्या कार्यक्रमाचं आमंत्रण यांतलं काहीही परीक्षणाच्या बदल्यात घेऊ नका. अंकानं मानधन दिलं तर ते तुमच्या कष्टाचं आहे.

हीच गोष्ट कॅमेऱ्यासमोर बसून पुस्तकांबद्दल बोलणाऱ्या तरुणांनाही लागू आहे. जाहिरातींची आचारसंहिता ठरवणाऱ्या ‘ॲस्की’नं 2021 साली आखलेल्या नियमांप्रमाणे फुकट मिळालेली वस्तूही प्रेक्षकाला सांगण्याजोगा संबंध मानली जाते. ‘ही प्रत प्रकाशकानं पाठवली आहे’ एवढं एक वाक्य सुरुवातीला बोला.

लिहिताना

परीक्षण कसं लिहावं याचे धडे इथे देत नाही, त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल. आलेल्या प्रतीशी संबंध आहे तेवढंच सांगतो. उताऱ्यांना घाबरू नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 परीक्षणासाठी वाजवी उतारा द्यायची मुभा देतं. लेखक चांगलं लिहितो म्हणण्याऐवजी त्याची तीन वाक्यं पान क्रमांकासह द्या. आख्खी कविता किंवा आख्खी लघुकथा मात्र परवानगीशिवाय देऊ नका. आणि उतारा पुस्तकाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा, ऱ्हस्व-दीर्घासकट.

मुद्रणदोषांची यादी परीक्षणात घालू नये. जागा जाते आणि लेखकाचा पाणउतारा होतो. दोष फार असतील तर एका वाक्यात म्हणा, आणि यादी वेगळ्या कागदावर लेखकाला पाठवा. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी त्या कागदाचा त्याला छापील स्तुतीपेक्षा जास्त उपयोग होईल.

पुस्तक फसलेलं असेल तर? नवख्याचं पहिलंच, लहानसं पुस्तक असेल तर मी म्हणेन, गप्प राहा. पोच दिलेली आहे. त्यानं विचारलंच तर पत्रातून स्पष्ट सांगा. पण पुस्तकाचा गाजावाजा झाला असेल, पुरस्कार मिळाला असेल, शाळा-महाविद्यालयांत ते लागणार असेल, किंवा त्यात चुकीची माहिती असेल तर लिहायलाच हवं, आणि प्रत्येक आक्षेपाला पान क्रमांक हवा. “लेखकाला ग्रामीण जीवनाची जाण नाही” या वाक्याला काही अर्थ नाही. “पान 64 वर भाताची लावणी चैत्रात दाखवली आहे” याला आहे.

नंतर पुस्तकाचं काय करायचं

परीक्षण छापून आल्यावर अंक लेखकाला आणि प्रकाशकाला पाठवा. तो पाठवायचा राहतो, आणि लेखकाला वर्षभरानं तिसऱ्याकडून कळतं.

घरात सगळी पुस्तकं राहणार नाहीत हे उघड आहे. ती वाचनालयाला द्यावीत, पण पोती भरून दारात नेऊन ठेवू नयेत. आधी यादी द्या, त्यांच्याकडे नसलेली निवडू द्या. भेट आलेलं पुस्तकही दाखल नोंदवहीत चढवावं लागतं, त्याला क्रमांक, वर्गीकरण, जागा लागते आणि हे काम करणारी माणसं थोडी असतात. मराठी ग्रंथ जमवण्यासाठी 1893 साली विनायक लक्ष्मण भावे आदींनी सुरू केलेलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय इथे स्थानिक लेखकांची दुर्मीळ पुस्तकं द्यावीत. कथा, चरित्रं, मुलांची पुस्तकं मुरबाड-शहापूरकडच्या शाळांना जास्त उपयोगी पडतात. लेखकाच्या सहीचं पान फाडू नका. ते फाडलं की पुस्तक खिळखिळं होतं, आणि सहीची प्रत वाचनालयात दिसली तर कुठल्याही शहाण्या लेखकाला आनंदच वाटेल. रद्दीत मात्र घालू नका.

हल्ली पीडीएफ येते. तिला हेच नियम लावा: पोच द्या, नोंद करा, वाचून झाल्यावर काढून टाका. ती पुढे कुणालाही पाठवायची नाही, जवळच्या मित्रालाही नाही. लेखकानं विश्वासानं दिलेली फाईल एका गटात पडली की ती परत घेता येत नाही. कवितासंग्रह किंवा चित्रमय पुस्तक असेल तर छापील प्रत मागून घ्यावी. ओळ कुठे तुटते, पान किती मोकळं सोडलंय हे पडद्यावर कळत नाही.

आणि पाठवणाऱ्यांसाठी

पुस्तकं पाठवणारेही हा अंक वाचतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. डिसेंबर 2024 मध्ये टपाल खात्यानं पुस्तकांसाठीची जुनी सवलतीची सेवा बंद केली तेव्हा लहान प्रकाशकांचे फार हाल झाले. 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं आहे. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100 रुपये, वर कर. टपाल जमिनीवरून जातं, त्यामुळे थोडा उशीर लागतो, पण पाकीट कुठे आहे ते पाहता येतं. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं, आणि नियतकालिकं यात चालत नाहीत. काउंटरवर ज्ञान पोस्टचं नाव घेऊन मागा, नाहीतर पाकीट स्पीड पोस्टनं जाईल आणि खर्च वाढेल. सोबतचं पत्र आत चालेल का तेही तिथेच विचारा. नाहीतर ‘परीक्षणार्थ’ हा शब्द, तुमचा पत्ता आणि फोन पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहा.

पुस्तक आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला, मग पाकिटात. पत्त्यावर पूर्व की पश्चिम ते लिहा. कल्याण पश्चिमेचा पिन 421301 आणि पूर्वेचा 421306, आणि यात घोळ झाला की पाकीट पुलापलीकडे फिरत राहतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात पाठवू नका, सगळे संपादक दिवाळी अंकात बुडालेले असतात. सरसकट पन्नास जणांना पाठवण्याऐवजी तुमच्या विषयावर आधी लिहिलेले आठ-दहा जण शोधा. आयएसबीएन आपल्याकडे विनामूल्य मिळतो, तो घ्या, आणि सन पुस्तकात नक्की छापा. परीक्षणाच्या प्रती वाटण्याच्या गडबडीत चार पाकिटं हमखास राहून जातात, ती आधी बांधा: 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर 30 दिवसांच्या आत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना एकेक प्रत पाठवायची असते.

पोच आली नाही तर महिन्यानं एकदा विचारायला हरकत नाही, पाकीट खरंच गहाळ झालेलं असू शकतं. परीक्षणाबद्दल मात्र विचारू नका. सहा महिन्यांत काही छापून आलं नाही तर ते येणार नाही असं धरून पुढची प्रत दुसऱ्या अंकाकडे पाठवा.